वाघ वीस मीटरवर असेल, तर किती एमएम लागतात?

वाचकाचं पत्र

दादा, नमस्कार. मी साताऱ्यात बँकेत नोकरी करते. निकॉन डी ५६०० आणि त्याच्यासोबत आलेल्या १८-५५ व ७०-३०० या दोन लेन्स, एवढंच माझं सामान. गेल्या वर्षी ताडोबात संध्याकाळच्या सफारीत वाघीण रस्त्याने चालत आली, पण जिप्सीत सगळेच उभे राहिले आणि माझे सगळे फोटो हलले. ३०० एमएम, शटर १/१२५, आयएसओ ८००. येत्या एप्रिलमध्ये पुन्हा जातोय. पक्ष्यांचं वेडही नुकतंच लागलंय, मायणी आणि भिगवणला जाऊन आले. पावसाळ्यात कास, ठोसेघर असतंच. बजेट एक लाख. दुकानदार म्हणतो, एकच १८-४०० घ्या, सगळं त्यात होईल. मैत्रीण म्हणते, १५०-६०० शिवाय जंगलात जाऊच नये. घरचे म्हणतात, कॅमेराच बदल, मिररलेस घे. आणि लँडस्केपला वाइड अँगल लागतेच ना? सुरुवात कुठून करू?
(एक वाचक, सातारा)

उत्तर

ताई, तुम्ही शटर आणि आयएसओचे आकडे लिहिलेत म्हणून आधी आभार मानतो. 'फोटो शार्प येत नाहीत' एवढंच लिहिलेलं असलं की अंदाजाने बोलावं लागतं. तुमच्या आकड्यांवरून दुखणं लगेच सापडतं. चालत्या वाघिणीला १/१२५ सेकंदाचं शटर पुरत नाही. तिचे पाय हलणार, चालताना डोकं वरखाली होतं तेही हलणार. त्यात गाडी डोलत होती. लेन्समधलं व्हीआर तुमच्या हाताचा कंप सावरतं, वाघिणीची चाल ते कशी थांबवणार? त्याच उजेडात आयएसओ (सेन्सरची उजेड टिपण्याची क्षमता) ८०० चा ३२०० केला असता तर शटर १/५०० मिळालं असतं. फोटोत दाणे दिसले असते, पण डोळे लख्ख आले असते. दाणे संगणकावर बरेच कमी करता येतात, हललेल्या फोटोला मात्र इलाज नाही.

म्हणून पहिलं काम बिनपैशाचं. कॅमेरा एम (मॅन्युअल) मोडवर ठेवा, शटर १/५००, अॅपर्चर (लेन्समधलं उजेडाचं छिद्र) पूर्ण उघडं, आणि मेनूत ऑटो आयएसओ सुरू करून कमाल मर्यादा ६४०० करा. फोकस एएफ-सी वर (यात हलत्या जनावरावर फोकस सतत राहतो), ९ पॉइंटच्या डायनॅमिक एरियावर. मग रोज संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी गल्लीतल्या कुत्र्यांचे, रस्त्यावरच्या गाईगुरांचे फोटो काढा. एप्रिल येईपर्यंत हात बसेल. वाघ समोर आल्यावर मेनू शोधायला कुणालाच वेळ मिळत नाही.

हे आधी सांगण्याचं कारण असं की मैत्रिणीने सुचवलेली १५०-६०० त्या संध्याकाळी तुमच्या हातात असती, तरी फोटो हललेच असते. कदाचित जास्तच. तुमची ७०-३०० ही ३०० एमएमला एफ ६.३ आहे (एफचा आकडा लहान, तितका उजेड जास्त). १५०-६०० सुद्धा लांबच्या टोकाला एफ ६.३ च आहे. म्हणजे उजेड तेवढाच येणार, आणि लांबी, म्हणजे लेन्सचे एमएम, वाढली की हाताचा कंपही त्याच पटीत मोठा दिसणार.

आता लांबीचं बोलू. इथे मत-मतांतरापेक्षा गणित जास्त कामाचं आहे. तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर २३.५ मिलीमीटर रुंद आहे. या २३.५ ला समोरच्या जनावराच्या मीटरमधल्या अंतराने गुणायचं आणि लेन्सच्या एमएमने भागायचं. येणारं उत्तर म्हणजे फोटोत आडवी किती मीटर जागा मावेल ते. व्याघ्र प्रकल्पांतल्या पर्यटनासाठी राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या ज्या मार्गदर्शक सूचना आहेत, त्यांत गाडी आणि जनावर यांत किमान २० मीटर अंतर ठेवायला सांगितलंय. तेच अंतर धरा. ३०० एमएमला चौकटीत दीड मीटरच्या थोडं वर मावतं. पूर्ण वाढलेला वाघ शेपटी सोडून साधारण दोन मीटर लांब असतो. म्हणजे आडवा उभा असलेला वाघ २० मीटरवर तुमच्या आत्ताच्या लेन्समध्येसुद्धा पुरा मावत नाही! ६०० ला तर पाऊण मीटर मावतं, नुसतं तोंड आणि खांदा. तोच वाघ ५० मीटरवर असेल तर ३०० ला जवळजवळ चार मीटरची चौकट मिळते, अर्ध्या रुंदीत वाघ आणि अर्ध्या रुंदीत जंगल. मला विचाराल तर वाघाचा सगळ्यात चांगला फोटो याच मापाचा होतो. त्यात बांबू येतो, रस्ता येतो, कोणत्या जंगलातला वाघ आहे ते कळतं. नुसत्या तोंडाचे फोटो ताडोबाचे काय आणि प्राणिसंग्रहालयातले काय, सारखेच दिसतात.

दूरच्या पाणवठ्यापलीकडच्या वाघासाठी लांब लेन्स लागते हे खरं. पण एप्रिलमध्ये चंद्रपूरच्या उन्हात सकाळी नऊनंतर जमिनीवरून वाफा निघायला लागतात, हवा थरथरते, आणि दीडशे-दोनशे मीटरवरचं काहीही पाण्याखाली पाहिल्यासारखं दिसतं. तिथे लाखाची लेन्स लावा नाहीतर दहा लाखांची, फोटो मऊच येतो. अशा वेळी कॅमेरा खाली ठेवून दुर्बिणीतून बघावं.

मग लांब लेन्स लागते कुणाला? पक्ष्यांना. तोच हिशोब मायणीच्या काठावरच्या छोट्या खंड्याला लावा. पक्षी चोचीपासून शेपटीपर्यंत जेमतेम १६-१७ सेंटीमीटर. १५ मीटरवरून ३०० एमएमने फोटो काढला तर चौकटीत १ मीटर १७ सेंटीमीटर जागा येते, म्हणजे खंड्या रुंदीच्या सातव्या भागाएवढा. ५०० ने तो चौथ्या भागाच्या जवळ जातो. छापून भिंतीवर लावावासा वाटेल असा फोटो इथून पुढे सुरू होतो. तुम्ही पक्ष्यांचं वेड लागल्याचं एका ओळीत उरकलंत, पण तुमच्या लाखाचं काय करायचं ते माझ्या मते त्या ओळीने ठरतं. नुसता वाघ असता तर मी म्हटलं असतं, काहीच घेऊ नका, त्या पैशांत अजून दोन सफाऱ्या करा.

तर माझा सल्ला: निकॉनची २००-५०० एमएम एफ ५.६, वापरलेली. ही लेन्स २०१५ साली आली, पूर्ण झूमवरही एफ ५.६ टिकवते, आणि सव्वादोन मीटरपर्यंत जवळचं फोकस करते, त्यामुळे चतुर आणि फुलपाखरंही तिने निघतात. लोक आता डीएसएलआर (तुमच्यासारखे आत आरसा असलेले कॅमेरे) विकून मिररलेसकडे चाललेत, म्हणून अशा लेन्स बाजारात भरपूर आहेत आणि चांगल्या स्थितीतली तुमच्या बजेटमध्ये बसून इतर सामानाला पैसे उरतात. उद्या विकायला काढलीत तर तुम्हालाही कमीच येतील, हे मात्र धरून चाला. वजन सव्वादोन किलोच्या वर आहे आणि तुमचा कॅमेरा अर्धा किलोही नाही. म्हणून उचलताना, धरताना, पट्टा लावताना नेहमी लेन्सचा कॉलर (तिच्याभोवतीचं ट्रायपॉडला जोडायचं कडं) धरायचा. कॅमेऱ्याला धरून ती लेन्स लोंबकळू दिलीत तर माउंटवर, म्हणजे लेन्स जिथे कॅमेऱ्याला बसते त्या जोडावर, ताण येतो.

घ्यायच्या आधी एक गोष्ट फार काळजीने करा. तुमच्या डी ५६०० मध्ये एएफ फाइन ट्यून ही सोय नाही. डीएसएलआरमध्ये एखादी लेन्स एखाद्या कॅमेऱ्यावर किंचित पुढे किंवा मागे फोकस करते. वरच्या मॉडेलांत ते मेनूतून दुरुस्त करता येतं, तुमच्यात येत नाही. म्हणून विकणाऱ्याकडे स्वतःचा कॅमेरा घेऊन जा. भिंतीला वर्तमानपत्र चिकटवा, कॅमेरा ट्रायपॉडवर घ्या, दहा-बारा मीटरवरून ५०० एमएम, एफ ५.६ वर आधी व्ह्यूफाइंडरमधून आणि मग लाइव्ह व्ह्यूवर (मागच्या पडद्यावर बघून) फोटो काढा. दोन्ही घरी आणून संगणकावर मोठे करून पाहा, तोपर्यंत पैसे देऊ नका. लाइव्ह व्ह्यूचा फोटो धारदार आणि व्ह्यूफाइंडरचा मऊ असेल तर लेन्स वाईट नाही, पण तुमच्या कॅमेऱ्याशी तिचं जमत नाही. अशी लेन्स कितीही स्वस्त मिळाली तरी सोडा. असं दोनदा-तीनदा झालं तर सिग्माची १५०-६०० कंटेम्पररी किंवा टॅमरॉनची १५०-६०० जी २ बघा. सिग्माला यूएसबी डॉक आणि टॅमरॉनला टॅप-इन कन्सोल नावाचं छोटं यंत्र मिळतं, त्याने फोकसची दुरुस्ती लेन्समध्येच करता येते. तुमच्या कॅमेऱ्याला हा मोठा फायदा आहे आणि दुकानात तो सहसा कुणी सांगत नाही.

वापरलेली लेन्स असल्यामुळे अजून थोडं. मोबाइलचा टॉर्च मागच्या काचेतून तिरका मारा आणि पुढून बघा. धुळीचे चार कण असले तर काही बिघडत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी, तिथून उठायचं. स्क्रूंच्या खाचा घासलेल्या असतील तर लेन्स उघडलेली आहे. झूम या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारख्या जोराने फिरला पाहिजे. आणि मूळ बिल मागा.

एप्रिल जवळ आला आणि मनासारखी लेन्स मिळाली नाही, तर घाईने काहीतरी घेऊ नका. पुण्यात लेन्स दिवसाच्या भाड्याने मिळतात, अनामत आणि ओळखपत्र द्यावं लागतं. चार-पाच दिवस तीच लेन्स वापरून पाहिलीत तर तिचं वजन तुमच्या खांद्याला झेपतं का, हेही कळेल.

दुकानदाराच्या १८-४०० चं थोडक्यात सांगतो. १८ ते ३०० तुमच्याकडे आधीच आहे. म्हणजे एवढे पैसे देऊन पदरात पडणार फक्त वरचे १०० एमएम, तेही एफ ६.३ वर. ज्याच्याकडे काहीच नाही आणि ज्याला प्रवासात एकच लेन्स न्यायची आहे त्याने ती जरूर घ्यावी. तुम्ही नको.

घरच्यांचं म्हणणं मात्र मी उडवून लावणार नाही. मिररलेस कॅमेऱ्यातली नवी फोकस यंत्रणा प्राण्या-पक्ष्यांचा डोळा ओळखून धरून ठेवते, आणि उडत्या पक्ष्याला त्याचा खूप उपयोग होतो. शिवाय तिथे फोकस थेट सेन्सरवर होतो, त्यामुळे पुढे-मागे फोकसचा वर लिहिलेला घोळच उरत नाही. पण लाखात नवा कॅमेरा आणि नवी लांब लेन्स दोन्ही बसत नाही. निकॉनच्या मिररलेसची, म्हणजे झेड माउंटची, १८०-६०० तुमच्या बजेटच्या बरीच वर आहे. आणि नव्या कॅमेऱ्याला ७०-३०० च लावून फिरलात तर खंड्या सातव्या भागाएवढाच राहील. आज २००-५०० घ्या. दोन-तीन वर्षांनी झेड मालिकेतला कॅमेरा घ्याल तेव्हा एफटीझेड अॅडॉप्टर (जुनी लेन्स झेड कॅमेऱ्याला जोडणारा तुकडा) लावून हीच लेन्स त्यावर ऑटोफोकससकट चालेल.

आता लँडस्केप. इथे तुमच्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असं आहे, आणि ते कासच्या पठारावर उभं राहून देतो. सप्टेंबरात तिथे काय असतं? सीतेची आसवं, गेंद, तेरडा. एकेक फूल नखाएवढं, बोटाच्या पेराएवढं. वाइड अँगलने उभ्याने फोटो काढलात तर सगळी फुलं ठिपके होतात आणि अर्ध्या फोटोत पांढरं आभाळ येतं. वाइडमध्ये फूल मोठं दिसायला लेन्स त्याच्यापासून वीतभर अंतरावर न्यावी लागते, म्हणजे फुलांत शिरून आडवं पडावं लागतं. एका फोटोपायी हातभर जागेतला बहर चिरडला जातो. पश्चिम घाटातली जी ३९ ठिकाणं २०१२ साली जागतिक वारसा यादीत गेली, त्यांत कास आहे, आणि तिथल्या कातळावर मातीचा थर इतका पातळ आहे की एका बुटाचा ठसासुद्धा बराच काळ राहतो. हे बघून माझा जीव तुटतो, म्हणून जरा ठासून लिहितोय.

तुमची ७०-३०० इथे काढा. पायवाटेवर उकिडवं बसा, १५० ते ३०० च्या दरम्यान झूम करा, फुलांच्या उंचीवर या. लांब लेन्सने मागची-पुढची फुलं एकमेकांजवळ आल्यासारखी दिसतात, विरळ ताटवासुद्धा दाट गालिचा होतो, आणि मागे धुक्यातलं एखादं झाड हवं तिथे बसवता येतं. ही लेन्स १ मीटर १० सेंटीमीटरवरून फोकस करते, त्यामुळे एकटं फूलही मिळतं. पाऊस उघडल्यावर सज्जनगडावरून किंवा यवतेश्वरच्या घाटातून दिसणाऱ्या डोंगरांच्या रांगा, एकीमागे एक फिकट होत गेलेल्या, त्याही याच लेन्सचं काम आहे. बाकीच्याला १८-५५ पुरते. एफ ८ ला ती किती धारदार आहे हे ट्रायपॉडवर लावून बघितलंत तर तुम्हालाच आश्चर्य वाटेल. एफ १६-२२ वर मात्र जाऊ नका, एवढ्या बारीक छिद्रातून उजेड पसरतो आणि सगळाच फोटो किंचित मऊ होतो.

वाइड अँगलचे पैसे ट्रायपॉडमध्ये घाला. दीड-दोन किलोचा, मधला दांडा वर न काढता कमरेच्या वर येणारा. कासला वारा असतो, म्हणून पाय पसरून तो खाली ठेवावा. बॅग खाली अडकवायची तर ती जमिनीला टेकलेली असू द्या, लोंबकळती बॅग वाऱ्याने झुलते आणि ट्रायपॉडला हलवते. ट्रायपॉडवर व्हीआर बंद करायचं. तुमच्या दोन्ही लेन्सवर त्याचं बटण नाही, ते कॅमेऱ्याच्या मेनूत 'ऑप्टिकल व्हीआर' या नावाने आहे. आणि दोन सेकंदांचा सेल्फ टायमर लावा, म्हणजे बोटाचा धक्का लागणार नाही.

दुसरी वस्तू सर्क्युलर पोलरायझर. पावसाळ्यात प्रत्येक ओल्या पानावर आणि कातळावर आभाळाची पांढरी चमक बसते, ती हा फिल्टर काढून टाकतो आणि खालचा हिरवा, काळा रंग वर येतो. संगणकावर नंतर हे करता येत नाही. तुमच्या ७०-३०० ला ५८ मिलीमीटरचा फिल्टर लागतो आणि १८-५५ ला ५५ चा. दोन घेऊ नका. एक ५८ चा चांगला घ्या आणि ५५ वरून ५८ करणारी स्टेप-अप रिंग घ्या, ती अगदी थोडक्यात मिळते. ठोसेघरला पोलरायझर लावून, आयएसओ १००, एफ ११, शटर पाव ते एक सेकंद करून बघा. धबधब्याचं पाणी रेशमी होतं आणि बाजूचा खडक ओला काळाच राहतो. तुषार काचेवर बसतात, म्हणून मऊ फडकी दोन-तीन बाळगा. फिल्टर उजेड खातो, तेव्हा वाघासाठी तो काढून ठेवायला विसरू नका.

आता जिप्सी. ट्रायपॉड तिथे चालत नाही, एका पायाचा मोनोपॉडही सहा माणसांत अडचणीचा. बीनबॅग घ्या, किंबहुना घरीच शिवा. जुन्या जीन्सचा एक पाय गुडघ्याखाली कापायचा, एक तोंड पक्कं शिवायचं, दुसऱ्याला चेन लावायची. रिकामी पिशवी बॅगेत टाकायची आणि ताडोबात पोचल्यावर किराणा दुकानातून दोन किलो तांदूळ घेऊन भरायची. गच्च भरू नका, थोडी ढिली असली की गाडीच्या दांडीवर दोन्ही बाजूंना बसते आणि लेन्स तिच्यात रुतते. परतताना तांदूळ तिथेच कुणाला तरी देऊन टाका. जनावर दिसलं की चालकाला इंजिन बंद करायला सांगा, चालू इंजिनचा थरथराट ५०० एमएमला सरळ फोटोत उतरतो. आणि गाडीतल्यांना निघण्यापूर्वीच गोडीत सांगून ठेवा की वाघ दिसला की सगळे बसून राहू. वाघ समोर असताना हे सांगितलं तर कुणी ऐकत नाही.

चालकाला 'अजून थोडं पुढे घ्या' मात्र म्हणू नका. एका गाडीने पुढे घेतली की मागच्या पाच घेतात आणि वाघिणीचा रस्ता अडतो. तुमच्याकडे ५०० एमएम असेल तेव्हा तर त्याची गरजही नाही.

एप्रिलची धूळ बारीक असते आणि सगळीकडे शिरते. ओढणी किंवा पंचा कॅमेऱ्यावर टाकून ठेवा. चालत्या गाडीत लेन्स बदलू नका. बदलायचीच तर गाडी थांबवून, धूळ बसल्यावर, कॅमेऱ्याचं तोंड खाली करून. कोअरमध्ये (जंगलाच्या गाभ्यात) मोबाइल नेऊ देत नाहीत, त्यामुळे रुंद फोटोसाठी १८-५५ खिशात असू द्या. मोठ्या लेन्सला प्रवेशद्वारावर वेगळं शुल्क असतं, बुकिंग करतानाच त्याचा दर पाहून घ्या. ताडोबाचा कोअर मंगळवारी बंद असतो.

शेवटी साताऱ्याच्या पावसाचं. लेन्स जून ते ऑक्टोबर कॅमेऱ्याच्या बॅगेत राहिली तर तिला बुरशी लागणारच, बॅगेचा फोम ओल धरून ठेवतो. ड्राय कॅबिनेट आत्ता परवडणार नाही. स्वयंपाकघरात असतो तसा रबरी कड असलेला मोठा हवाबंद डबा घ्या, २००-५०० आडवी मावेल असा. आत रंग बदलणारं सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर ठेवा. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहिला पाहिजे. सिलिकाचा रंग बदलला की ते कढईत मंद आचेवर कोरडं करून, गार झाल्यावर परत ठेवायचं. ती कढई पुन्हा स्वयंपाकाला वापरू नका. कासहून भिजून आलात तर कॅमेरा लगेच डब्यात कोंडू नका. पुसून, रात्रभर पंख्याखाली ठेवून, सकाळी आत ठेवा.